विषाची परीक्षा कशाला?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सायंकाळची वेळ होती. दिलसुखनगरच्या मेट्रो स्थानकाखाली पावसाच्या सरी चुकवीत मी उभा होतो. समोर शिकवणीवर्गांच्या पाट्यांची दाटी, आणि त्या पाट्यांखालून लोटणारा मुलामुलींचा लोंढा. त्या लोंढ्यातून आमच्याच शाळेची एक विद्यार्थिनी पुढे आली. तिच्या हातात रसायनशास्त्राच्या सरावप्रश्नांचा एक जाडजूड संच होता. नमस्कार करून ती म्हणाली, “सर, हायड्रॅझीनच्या रेणूत बंधनात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या किती, असा प्रश्न आज आला होता. मी दोन असे उत्तर लिहिले आणि ते बरोबर ठरले. पण हे हायड्रॅझीन वापरतात तरी कशाला?”

मी सांगितले की, ते उपग्रहाचे इंधन आहे. अवकाशात गेलेला उपग्रह त्याच्या जोरावर जागा बदलतो. तसेच ते अत्यंत विषारी आहे, हेही सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग ते उपग्रहात भरतो कोण?”

हा प्रश्न कोणत्याही सरावसंचात नाही. पण माझ्या मते रसायनशास्त्राचा खरा प्रश्न हाच आहे. तिला घरी जायची घाई होती आणि मला उत्तर जुळवायला वेळ हवा होता. ते उत्तर मी येथे देत आहे.

प्रथम उपग्रहाला इंधन लागतेच कशाला, ते पाहू. एकदा अग्निबाणाने त्याला कक्षेत नेऊन सोडले की तो आपोआप फिरतो, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पाचशे किलोमीटर उंचीवरही हवेचा अत्यंत विरळ अंश असतो. दर सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला तो सतत किंचित अडवीत राहतो आणि उपग्रह हळूहळू खाली उतरू लागतो. शिवाय वाट मोकळी असेलच असे नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी एक निकामी रशियन उपग्रह आणि एक चालू अमेरिकन उपग्रह सैबेरियाच्या वर सुमारे पावणेआठशे किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले, आणि त्यांच्या शेकडो तुकड्यांनी ती वाट कायमची धोक्याची करून ठेवली. समोरून काही येत असेल तर बाजूला होणे, काम संपले की स्वतःहून खाली उतरून वातावरणात जळून जाणे, या दोन्ही गोष्टींसाठी अंगात थोडे तरी बळ हवे. ते बळ म्हणजेच प्रणोदन.

हे बळ किती थोडे पुरते, याचा हिशेब नववीचा विद्यार्थीही करू शकेल. दहा किलोग्रॅमचा एक छोटा उपग्रह घ्या. त्याला एक न्यूटन बलाने, म्हणजे तळहातावर ठेवलेल्या लहानशा पेरूच्या वजनाइतक्या जोराने, दहा सेकंद ढकला. त्याच्या वेगात सेकंदाला एक मीटर एवढाच फरक पडेल. परंतु पाचशे किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत एवढ्याने पलीकडच्या टोकाची उंची सुमारे साडेतीन किलोमीटरने बदलते! पेरूच्या वजनाएवढा धक्का दहा सेकंद द्यायचा आणि टक्कर टाळायची, अशी ही किमया आहे.

हा धक्का देण्यासाठी १९६० च्या दशकापासून जगभर मुख्यत्वे हायड्रॅझीनच वापरले गेले. दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन अणूंचा हा रेणू. दिसायला पाण्यासारखा द्रव आणि वास अमोनियासारखा. तो इरिडियम या मौल्यवान धातूचा लेप दिलेल्या उत्प्रेरकावर सोडला की ठिणगीवाचून तत्काळ फुटतो, त्याचे तप्त वायू बनतात, आणि ते वायू एका बाजूने बाहेर पडताना उपग्रह दुसऱ्या बाजूला सरकतो. दुसरा कोणताही द्रव मिसळावा लागत नाही, गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही, आणि टाकीत वर्षानुवर्षे ठेवला तरी तो बिघडत नाही. हे त्याचे गुण फार मोठे आहेत आणि ते मान्य केलेच पाहिजेत. गुणाशिवाय कोणी विष जवळ बाळगीत नाही.

पण ते विषच आहे. कातडीतून ते अंगात भिनते, श्वासातून फुप्फुसात जाते, यकृताला आणि मज्जासंस्थेला इजा करते. माणसांत ते कर्करोगास कारण होण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरविले आहे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी कामगाराच्या हवेत त्याची जी मर्यादा सुचविली आहे, ती दहा कोटी भाग हवेत एक भाग एवढीच आहे. आता पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मनुष्याच्या नाकाला हायड्रॅझीनचा वास येऊ लागतो तो साधारणपणे दहा लाखांत तीन-चार भाग झाल्यावर! म्हणजे “कसला तरी वास येतो आहे” असे कामगार म्हणेपर्यंत ही मर्यादा तीनशे पट ओलांडली गेलेली असते. नाक हा निसर्गाने बसविलेला पहारेकरी. पण या चोरापुढे तो झोपलेलाच असतो.

म्हणून हायड्रॅझीन भरणारी माणसे डोक्यापासून पायांपर्यंत बंदिस्त पोशाख घालतात आणि श्वासासाठी हवा स्वतंत्रपणे घेतात. भरणी चालू असता बाकीच्यांना तेथून दूर ठेवतात, आणि सांडलेच तर काय करायचे याची तयारी आधीपासून करून ठेवतात. हे लोक कोण? ते शास्त्रज्ञ म्हणून छायाचित्रात येत नाहीत. प्रक्षेपण यशस्वी झाल्यावर नियंत्रणकक्षात टाळ्या वाजतात, तेथेही बहुधा ते नसतात. ते तंत्रज्ञ असतात, टाक्यांचे आणि झडपांचे जाणकार असतात. त्यांच्या शिस्तीवर आणि सावधपणावर सारे उड्डाण उभे असते.

येथे मला माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती सांगायला संकोच वाटतो, म्हणूनच सांगतो. मी नुकताच शिक्षक झालो होतो. ज्या शाळेत होतो तिच्या प्रयोगशाळेत एकदा वायुभारमापक पडून फुटला आणि पाऱ्याचे चकाकते गोळे फरशीवर पसरले. प्रयोगशाळेचा शिपाई वाकून ते हातानेच गोळा करू लागला. त्याने ते एका रिकाम्या दौतीत भरले. काही तळहातावर घेऊन मुलांना खेळविलेही. मी फळ्यापाशी उभा होतो. पारा विषारी आहे हे मला पुस्तकातून पाठ होते. परंतु तास संपायचा होता, पाठ अपुरा होता, आणि मी काहीही न बोलता पुढचे सूत्र लिहिले. त्या गृहस्थाला काही अपाय झाला की नाही, हे मला कधीच कळले नाही. पण पाऱ्याची घनता फळ्यावर लिहिणारा मी आणि पारा उचलणारा तो, या दोघांमधले अंतर मला पुढे आयुष्यभर टोचत राहिले. त्या मुलीच्या प्रश्नाने तीच जखम पुन्हा उघडली.

विषारी इंधनाची बाधा केवळ भरणाऱ्यालाच होते, असेही नाही. जुलै १९७५ मध्ये अपोलो व सोयूझ ही अमेरिकन आणि रशियन याने अवकाशात जोडली गेली, तो मैत्रीचा मोठा सोहळा होता. परंतु २४ जुलै रोजी परत उतरताना अपोलोच्या केबिनमध्ये नायट्रोजन टेट्रॉक्साइड या विषारी ज्वलनसाहाय्यकाचा वायू शिरला. तिन्ही अंतराळवीरांना तो बाधला, त्यांतील एक काही वेळ बेशुद्ध झाला, आणि तिघांनाही होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवावे लागले. पुढे फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेने आपलाच एक बिघडलेला उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याच्या टाकीत सुमारे साडेचारशे किलोग्रॅम हायड्रॅझीन गोठून राहिले होते आणि ते वस्तीत पडले तर अनर्थ होईल, असे कारण तेव्हा देण्यात आले. भरताना धोका, वापरताना धोका आणि पडतानाही धोका, असे हे सोबती आहे.

आपल्या भागातील वाचकांना विषारी वायूविषयी फार सांगावे लागू नये. १९८४ च्या डिसेंबरातील भोपाळची रात्र वडीलधारी मंडळी विसरलेली नाहीत. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला कारखान्यातून स्टायरीनची वाफ सुटली, तेव्हा तर तुम्हीही घराघरांतून त्या बातम्या पाहिल्या. आपल्या बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी इकडे तेलंगणात येते आणि हैदराबादची तहानही भागविते. तिला मिळणाऱ्या नक्कावागू या ओढ्यात पाटणचेरूच्या कारखान्यांचे सांडपाणी मिसळले, शेते नासली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. समुद्रमंथनातून अमृताआधी हलाहल निघाले, तेव्हा ते कंठात धारण करायला भगवान शंकर होते. आमच्या कारखान्यांच्या मंथनातून निघणारे हलाहल मात्र भिंतीपलीकडच्या झोपडीतल्या माणसाच्या वाट्याला येते, आणि त्याला कोणी नीलकंठ म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल, उपग्रहात असे किती इंधन असते? काही किलो! त्यासाठी एवढा ऊहापोह कशाला? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आणि छोट्या उपग्रहांचे निराळेपण त्यातूनच स्पष्ट होते.

पूर्वी उपग्रह म्हणजे हत्तीएवढी वस्तू. त्याचा खर्च इतका प्रचंड की, विषारी इंधनासाठी लागणारे पोशाख, स्वतंत्र इमारत आणि प्रशिक्षित पथक यांचा भार त्यात सहज सामावून जाई. १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी दहा सेंटिमीटर बाजूचा घनाकृती उपग्रह योजिला, आणि चित्र पालटले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलोग्रॅमचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी, आणि मुंबईच्या आय. आय. टी. तील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोग्रॅमचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला अवकाशात गेला. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी तर आपल्या एकाच अग्निबाणाने १०४ उपग्रह नेले, आणि त्यांतील बहुतेक अगदी छोटे होते. आपल्या हैदराबादेतील ‘ध्रुव स्पेस’ या २०१२ साली स्थापन झालेल्या कंपनीचे ‘थायबोल्ट’ नावाचे दोन चिमुकले उपग्रह २६ नोव्हेंबर २०२२ रोजी कक्षेत पोचले. त्याच्या आठच दिवस आधी, १८ नोव्हेंबरला, याच शहरातील ‘स्कायरूट’ कंपनीचा ‘विक्रम-एस’ हा भारतातील पहिला खासगी अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला होता. आपल्या दिलसुखनगरपासून फार दूर नसलेल्या कांचनबागेत ‘मिश्र धातु निगम’ आहे. अवकाशयानांना लागणारे टायटॅनियम आणि विशेष पोलाद तेथे तयार होते. म्हणजे ही विद्या आता आपल्या दाराशी आली आहे.

परंतु ‘स्वयम्’ आणि ‘प्रथम’ यांच्या पोटात त्यांना ढकलणारे इंजिन नव्हते. ते फिरले, त्यांनी आपले काम केले. वाट बदलणे मात्र त्यांच्या हाती नव्हते. विद्यार्थ्यांना इंजिन बसवावेसे वाटले तरी हायड्रॅझीनला महाविद्यालयाच्या दारात कोण येऊ देणार? बंदिस्त पोशाखांचा आणि सुरक्षाव्यवस्थेचा खर्च साऱ्या उपग्रहाच्या खर्चाहून अधिक व्हायचा! त्यातही असे छोटे उपग्रह मोठ्या उपग्रहाच्या सोबतीने, जणू आगगाडीच्या डब्यात कोपऱ्यात बसून, जातात. शेजारच्या प्रवाशाच्या पिशवीत विषाची बाटली असलेली कोणाला चालेल? म्हणून विषारी इंधन हा लहानांच्या मार्गातला धोंडा आहे. तो दूर झाला, तर इंजिनाची विद्या मोठ्या संस्थांच्या तटबंदीतून बाहेर पडून महाविद्यालयाच्या कार्यशाळेपर्यंत येऊ शकेल. निर्विष इंधनाने तंत्रज्ञाचा श्वास सुरक्षित होतो, आणि विद्येचे दारही उघडते. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

असे इंधन मिळाले आहे काय? मिळाले आहे. अमोनियम डायनायट्रामाइड हा क्षार सोव्हिएत रशियात १९७० च्या दशकात प्रथम तयार झाला आणि पुष्कळ वर्षे गुप्त राहिला. पुढे स्वीडनमधील संशोधकांनी त्यावर आधारलेले द्रव इंधन सिद्ध केले. १५ जून २०१० रोजी गेलेल्या स्वीडनच्या ‘प्रिझ्मा’ उपग्रहावर हायड्रॅझीनची यंत्रणाही होती आणि या नव्या इंधनाचीही. एकाच यानात दोघांची तुलना झाली. हायड्रॅझीन भरताना बंदिस्त पोशाख लागला. नव्या इंधनाला तो लागला नाही. शक्तीतही नवे इंधन कमी पडले नाही, उलट किंचित सरस ठरले. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने हायड्रॉक्सिलअमोनियम नायट्रेटवर आधारलेले इंधन असाच एक उपग्रह पाठवून पारखले. ते हायड्रॅझीनपेक्षा सुमारे दीडपट घन असल्याने तेवढ्याच टाकीत अधिक मावते, आणि छोट्या उपग्रहात जागेची टंचाई असते तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो.

आपल्याकडेही काम चालू आहे. बंगळूरच्या ‘बेलाट्रिक्स’ या कंपनीने संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या साहाय्याने एक न्यूटन बलाचे निर्विष इंधनाचे इंजिन बनविले. आपण मघाशी हिशेबात घेतले, तेच पेरूएवढे बल! १ जानेवारी २०२४ रोजी गेलेल्या अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे ‘पोएम’ नावाचे प्रयोगपीठ करण्यात आले होते. त्या पीठावर या इंजिनाने अवकाशात आपले काम करून दाखविले. विशेष म्हणजे काम संपल्यावर हा टप्पाही मार्च महिन्यात वातावरणात जळून गेला. मागे कचरा राहिला नाही. मुंबईच्या आय. आय. टी. तून बाहेर पडलेल्या तुषार जाधव आणि अष्टेश कुमार या तरुणांनी २०१७ साली ‘मानस्तु स्पेस’ ही संस्था काढली. त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले इंधन घेतले. त्यांचे ‘व्योम’ नावाचे इंजिन ३० डिसेंबर २०२४ रोजी तशाच प्रयोगपीठावरून अवकाशात नेण्यात आले.

हायड्रोजन पेरॉक्साइड तुमच्या ओळखीचे आहे. गुडघा फुटल्यावर जखम धुवायला त्याचा तीन टक्क्यांचा द्राव वापरतात आणि तो जखमेवर फसफसतो. अग्निबाणाला तेच द्रव्य पंचाऐंशी-नव्वद टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे लागते. योग्य उत्प्रेरकावर ते फुटले की पाण्याची वाफ आणि प्राणवायू एवढेच उरते. धुरात विष नाही, की काजळी नाही. ब्रिटनने २८ ऑक्टोबर १९७१ रोजी स्वतःच्या अग्निबाणाने ‘प्रॉस्परो’ उपग्रह सोडला, तेव्हाही त्या अग्निबाणात पेरॉक्साइड आणि रॉकेल हीच जोडी होती. याशिवाय झेनॉनसारख्या निष्क्रिय वायूला विजेच्या साह्याने ढकलणारी इंजिनेही आहेत. ५ मे २०१७ च्या आपल्या ‘जीसॅट-९’ उपग्रहावर असे इंजिन होते. त्यांचा जोर मात्र अगदीच कोमल असतो; अंगावर येणारी वस्तू ऐनवेळी टाळायची, तर रासायनिक इंजिनाचा धक्काच उपयोगी पडतो.

एवढे वाचून कोणी ‘हरित इंधन’ या शब्दावर भाळून जाऊ नये. निर्विष म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तीव्र पेरॉक्साइड लाकडाला किंवा कापडाला लागले तर आग भडकवू शकते. १६ जून १९५५ रोजी ब्रिटिशांच्या ‘सिडन’ पाणबुडीत पेरॉक्साइडवर चालणाऱ्या पाणतीराचा स्फोट झाला आणि तेरा माणसे दगावली. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची ‘कुर्स्क’ पाणबुडी बुडाली आणि ११८ जण गेले. तेथेही आरंभ पेरॉक्साइडच्या पाणतीरापासूनच झाला. शिवाय हे द्रव्य टाकीत पडून राहिले तरी सावकाश फुटत असते, म्हणून वर्षानुवर्षे साठविणे अवघड जाते. क्षारांवर आधारलेली नवी इंधने अधिक उष्णतेने जळतात. उत्प्रेरक आधी तापवावा लागतो, आणि ती उष्णता सोसणारे धातूही हवेत. २०२२ च्या डिसेंबरात चंद्राकडे निघालेल्या ‘ल्युनार फ्लॅशलाइट’ या ‘नासा’च्या छोट्या यानात हेच नवे इंधन होते. त्याच्या इंजिनांना पुरेसा जोर येईना; इंधनाच्या सूक्ष्म वाहिन्यांत कचरा अडकला असावा, असे अनुमान निघाले. यान चंद्राच्या कक्षेत पोचू शकले नाही आणि मे २०२३ मध्ये ती मोहीम संपली असे जाहीर झाले.

मग जुन्या जाणकारांचे म्हणणे खरे नव्हे काय? ते म्हणतात, हायड्रॅझीन अर्धशतकाहून अधिक काळ पारखलेले आहे. अवकाशात दुरुस्तीला कोणी जात नाही. तेव्हा भरवशाचे ते धरावे. या युक्तिवादाला मी हलके लेखीत नाही. दूरच्या ग्रहाकडे दहा-दहा वर्षांचा प्रवास करणाऱ्या यानाला आज तोच न्याय लागू असेल. परंतु ‘भरवसा’ या शब्दाचा अर्थ आपण एकाच बाजूने लावीत आहोत. यंत्र भरवशाचे आहे की नाही, हे यंत्राच्या बाजूने विचारले गेले. टाकी भरणाऱ्या माणसाच्या बाजूने ते विचारलेच गेले नाही. त्याचे बंदिस्त पोशाख, त्याची आयुष्यभराची तपासणी, त्याच्या घरच्यांची काळजी हे सारे इंधनाच्या किमतीत धरले, तर कोणते इंधन स्वस्त आणि कोणते महाग हे पुन्हा मोजावे लागेल. हिशेबातून माणूस वगळला की विष नेहमीच स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा अवकाशात कचरा न ठेवणाऱ्या करण्याचा संकल्प २०२४ मध्ये जाहीर केला. संकल्प स्तुत्य आहे. पण त्याचा अर्थ असा की, पुढे अगदी लहान उपग्रहालाही काम संपल्यावर वेळेवर खाली उतरावे लागेल, आणि उंच कक्षेतल्या उपग्रहाला त्यासाठी इंजिन हवेच. म्हणजे इंजिनांची संख्या पुष्कळ वाढणार. हजारो लहान टाक्या भरल्या जाणार, त्या भरणारे हातही हजारो असणार. त्या हातांत काय द्यायचे, हे आजच ठरवावे लागेल. उद्या कारखाने उभे राहिल्यावर ठरवू म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे आणणे. आकाश स्वच्छ ठेवण्यासाठी जमिनीवरच्या माणसाच्या फुप्फुसात विष जाऊ देणे, याला मी स्वच्छता म्हणणार नाही.

यास्तव माझे मत स्पष्ट आहे. छोट्या उपग्रहांच्या बाबतीत तरी निर्विष इंधन हाच नियम असावा आणि विषारी इंधन हा अपवाद. आणि अपवाद करणाऱ्याने त्याचे कारण द्यावे. महाविद्यालयांना अशा इंजिनांवर काम करण्यासाठी साहाय्य मिळावे. आणि ‘हरित’ हा शब्द कोणी वापरला, की तीन प्रश्न विचारावेत: ते सांडले तर काय होते? जुने झाले तर काय होते? आणि ते भरणाऱ्याने अंगावर काय घातले आहे?

विद्यार्थी मित्रहो, दिलसुखनगरच्या त्या पाट्यांखालून तुमच्यापैकी पुष्कळजण रोज जातात. बहुतेकांचे डोळे संगणकाच्या विद्येकडे लागलेले असतात. त्यात वावगे काही नाही. परंतु वर सांगितलेल्या अडचणींपैकी एकही संगणकावर बसून पुरती सुटणारी नाही. उष्णता सोसणारा धातू, न झिजणारा उत्प्रेरक, टाकीत शांत राहणारे पेरॉक्साइड, कचरा न अडकणारी वाहिनी, या गोष्टी रसायनज्ञ, धातुशास्त्रज्ञ आणि हाताने काम करणारा कुशल कारागीर यांनीच सोडवायच्या आहेत. त्या अद्याप सुटलेल्या नाहीत, हीच तुमच्यासाठी आनंदाची वार्ता समजा. आमच्या पिढीने तुमच्यासाठी थोडे काम शिल्लक ठेवले आहे!

विषाची परीक्षा पाहू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. दुसऱ्याच्या जिवावर तर ती मुळीच पाहू नये, एवढी पुस्ती मी तिला जोडतो. त्या संध्याकाळच्या माझ्या विद्यार्थिनीला मी आता उत्तर देतो: मुली, हायड्रॅझीन उपग्रहात भरणारा माणूस तुझ्या-माझ्यासारखाच कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी भाऊ असतो. परीक्षेत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या दोनच लिही. गुण त्याचेच मिळतात. पण भरतो कोण, हा तुझा प्रश्न मोठेपणी विसरू नकोस. मी एकदा तो विसरलो होतो.

— एक विज्ञानशिक्षक